मांडीवरचं संतूर

काश्मीरच्या सूफियाना मैफलीत संतूर लाकडी बैठकीवर ठेवतात. संतूरवादक पं. शिवकुमार शर्मांनी ते मांडीवर घेतलं. बैठकीतला हा साधा फरक वाटेल, पण त्यामागे नाद आवरण्याचा विचार होता. लाकडी बैठक वाद्याबरोबर थरथरते, गुंज वाढवते. मांडी ती थरथर शोषून घेते. छेडलेल्या स्वराची आस पुढच्या स्वरात शिरून होणारा गलबला त्यामुळे कमी होतो. आलापीसाठी हे फार मोलाचं होतं.

पारंपरिक संतूरात तारा पेलणाऱ्या 25 घोड्या आणि प्रत्येक घोडीवर चार, अशा 100 तारा असतात. एका तारेवर आठच किलोंचा ताण धरला, तरी एकूण भार 800 किलो! म्हणून खुंट्या पेलणारी चौकट दणकट लागते. वरची फळी मात्र पातळ हवी. जाड फळीत आवाज कोंडतो, फार पातळ फळी घोड्यांच्या दाबाने खचते आणि जुळवलेले स्वर उतरतात. कारागिराची खरी परीक्षा या फळीतच आहे.

वाद्याचा एकीकडे निमुळता आकारही हिशेबाचा. तारेची लांबी निम्मी केली की स्वर एक सप्तक चढतो. शर्मांनी वाद्याचा पल्ला तीन सप्तकांपर्यंत नेला. तो नुसत्या लांबीने गाठायचा तर खर्जाची तार सर्वांत वरच्या तारेच्या आठपट लांब लागेल. मग मांडीवर मावणार काय? त्यामुळे खर्जाला जाड, जड तारा चढवतात.

एका घोडीवरच्या तारा एकाच स्वरात मिळवतात. एक सेकंदाला 440 आणि दुसरी 441 कंपनांवर राहिली, तर दर सेकंदाला आवाज एकदा फुगतो आणि ओसरतो. शिवाय या तारा घोडीमार्फत एकमेकींना ढकलत असतात. पियानोच्या अशा जोडतारांचा अभ्यास भौतिकशास्त्रज्ञ गॅब्रिएल वाइनरिख यांनी 1977 मध्ये मांडला: आधी आवाज झपाट्याने उतरतो, मग मंद शेपूट रेंगाळत राहते. संतूरची झुळझुळ याच तत्त्वातून येते.

संतूर कलमांनी, म्हणजे हलक्या लाकडी काड्यांनी वाजवतात. कलमाचा घाव घोडीजवळ पडला की स्वर टोकदार, दूर पडला की गोल. पण घाव घातलेला स्वर वाकवायचा कसा? संतूरवादक पं. उल्हास बापटांनी तारेवरून पोकळ नळी सरकवली. नळी सरकते तशी थरथरणारी लांबी बदलते आणि दोन्ही टोकं बांधलेल्या तारेतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणारा नाद, निघते.