‘दे त्याला!’ : एक वाक्य, दोन अर्थ आणि एक फाशी

काही वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या गाजलेल्या खटल्यांवरचे एक टिपण मराठीत उतरवत होतो. डेरेक बेंटलीच्या खटल्यापाशी आलो आणि एका वाक्यावर पेन अडले. ‘लेट हिम हॅव इट, ख्रिस.’ शब्द मोजून पाच, सगळे शाळकरी पोरालाही कळतील असे. मी लिहिले, ‘मार त्याला, ख्रिस.’ पुढे गेलो आणि दोन परिच्छेदांनंतर लक्षात आले की, आपण भाषांतर करताना निकालच देऊन बसलो आहोत. कारण या पाच शब्दांचा अर्थ काय, ते खरोखर उच्चारले गेले का, याच प्रश्नांभोवती एका एकोणीस वर्षांच्या मुलाची फाशी आणि नंतरची 45 वर्षांची लढाई फिरत राहिली.

घटना 2 नोव्हेंबर 1952 च्या रात्रीची. लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन येथे एका गोदामाच्या छपरावर दोघे चोरीच्या इराद्याने चढले. ख्रिस्तोफर क्रेग सोळा वर्षांचा, त्याच्याजवळ रिव्हॉल्व्हर. डेरेक बेंटली एकोणीस वर्षांचा, पण बौद्धिक वय सुमारे अकरा; लिहिता-वाचता येत नव्हते. त्याच्या खिशात क्रेगनेच दिलेली लोखंडी मूठ आणि एक चाकू होता. पोलीस आले. फ्रेडरिक फेअरफॅक्स हा डिटेक्टिव्ह वर चढला, त्याने बेंटलीला धरले. पोलिसांच्या साक्षीनुसार बेंटली हिसडा देऊन सुटला आणि ओरडला, ‘लेट हिम हॅव इट, ख्रिस.’ क्रेगने गोळी झाडली, फेअरफॅक्सच्या खांद्याला जखम झाली. जखमी फेअरफॅक्सने बेंटलीला पुन्हा पकडले. त्यानंतर सुमारे पंधरा मिनिटांनी जिन्याच्या दारातून छपरावर येणारा सिडनी माइल्स हा शिपाई क्रेगच्या गोळीने ठार झाला. त्या वेळी बेंटली पोलिसांच्या ताब्यात होता.

आता वाक्याकडे वळू. शब्दशः घेतले तर अर्थ ‘ते त्याला घेऊ दे’, म्हणजे रिव्हॉल्व्हर देऊन टाक. वाक्प्रचार म्हणून घेतले तर ‘हाण त्याला’, ‘घाल गोळी’. सगळी मेख शेवटच्या ‘इट’मध्ये आहे. पहिल्या अर्थात हे सर्वनाम एका वस्तूकडे बोट दाखवते. दुसऱ्या अर्थात ते कशाकडेच बोट दाखवत नाही, फक्त वाक्यातली जागा भरते.

गंमत अशी की मराठीला ही युक्ती अजिबात परकी नाही. ‘एक ठेवून दिली’, ‘चांगलीच जिरवली’ असे आपण म्हणतो तेव्हा काय ठेवून दिली, काय जिरवली, हे कोणी विचारत नाही. न उच्चारलेले एक स्त्रीलिंगी नाम तिथे लपलेले असते. भूतकाळात तर क्रियापद गुपित फोडते: ‘त्याला दिली’ म्हटले की थप्पड, ‘त्याला दिले’ म्हटले की रिव्हॉल्व्हर. पण आज्ञार्थात हा पुरावा पुसला जातो. ‘दे त्याला!’ यात ना लिंग, ना वचन. म्हणजे जो पेच इंग्रजीत आहे, तोच आपल्याकडेही जसाच्या तसा उभा राहतो.

मग अर्थ ठरवायचा कसा? मागचे-पुढचे पाहून. ‘देऊन टाक’ हा अर्थ लागायचा तर रिव्हॉल्व्हरचा विषय त्या क्षणी दोघांच्या मनात असला पाहिजे. कोणीतरी ते मागितलेले असले पाहिजे किंवा ते समोर रोखलेले असले पाहिजे. ‘घाल गोळी’ या अर्थाच्या बाजूने लगेच सुटलेली गोळी आहे. पण त्याच्या विरुद्ध पुढची पंधरा मिनिटे आहेत. चिथावणी देणारा मुलगा त्या पंधरा मिनिटांत ना पळाला, ना जखमी पोलिसावर त्याने हात उगारला. शिवाय क्रेगला चिथावणीची गरज होती का, हाही प्रश्न आहे. त्याच्या थोरल्या भावाला तीनच दिवस आधी बारा वर्षांची शिक्षा झाली होती आणि पोलिसांवरचा त्याचा राग जुना होता.

इथपर्यंत आलो तेव्हा मला वाटले, कोर्टात याच दोन अर्थांवर घमासान झाले असेल. खटल्याचा तपशील वाचला आणि चकित झालो. डिसेंबर 1952 मध्ये ओल्ड बेलीत बचावाचा मुद्दा अर्थाचा नव्हताच. असे वाक्य उच्चारलेच गेले नाही, असे बेंटलीने सांगितले आणि क्रेगनेही तेच सांगितले. एकदा ‘मी बोललोच नाही’ म्हटल्यावर ‘बोललो, पण अर्थ वेगळा होता’ असे ज्युरीपुढे म्हणता येत नाही. ज्या द्व्यर्थामुळे हे वाक्य जगभर प्रसिद्ध झाले, तो द्व्यर्थ आरोपीच्या उपयोगी पडलाच नाही.

कायद्याचा सांगाडा आपल्याकडे 2024 पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम 34 च्या जवळचा होता: इरादा समान तर गुन्हाही समान. तो इरादा सिद्ध करायला या वाक्याचा मोठा आधार घेतला गेला. तिघा पोलिसांनी ते ऐकल्याची साक्ष दिली. सरन्यायाधीश लॉर्ड गॉडार्ड यांनी ज्युरीसमोर पोलिसांच्या शौर्यावर इतका भर दिला की त्यांच्यावर अविश्वास दाखवणे अवघड व्हावे. ज्युरीने दोषी ठरवताना बेंटलीसाठी दयेची शिफारस केली, ती गृहमंत्र्यांनी मानली नाही. क्रेग अठरा वर्षांखालचा, म्हणून त्याला फाशी देता येत नव्हती. तो 1963 मध्ये सुटला. 28 जानेवारी 1953 रोजी वाँड्सवर्थच्या तुरुंगात बेंटलीला फाशी झाली. ज्याने गोळी झाडली तो जगला.

एक जुनी नोंद इथे सांगायला हवी. 1940 मध्ये डरहॅम परगण्यात विल्यम शिएल नावाच्या शिपायाचा खून झाला. मरण्यापूर्वीच्या त्याच्या जबानीत आरोपीच्या तोंडी हेच शब्द होते आणि त्या खटल्यात दोघे फासावर गेले. म्हणजे 1952 च्या बारा वर्षे आधीच या शब्दांनी फाशी होऊ शकते हे दिसून आले होते. यावरून वाक्य रचलेले होते असे सिद्ध होत नाही. पण शंका घ्यायला जागा राहते.

पुढे माल्कम कोल्थार्ड या भाषाशास्त्रज्ञाने बेंटलीचा पोलिसांनी लिहून घेतलेला जबाब तपासला. पोलिसांचे म्हणणे होते, एकही प्रश्न न विचारता तो जसा बोलला तसा उतरवला. 582 शब्दांत ‘देन’, म्हणजे ‘मग’, हा शब्द दहा वेळा आला होता. साध्या बोलण्यात तो सुमारे पाचशे शब्दांत एकदा येतो. त्यातही ‘मग मी’ या बोलीतल्या क्रमाऐवजी ‘मी मग’ असा पोलिसी अहवालाचा क्रम होता. आपल्याकडे ‘समक्ष विचारल्यावरून लिहून देतो की’ हे वाक्य अंगठा लावणारा माणूस कधी बोलेल काय? कागदावरचा आवाज कोणाचा, हे असे लहान शब्द सांगतात.

बहीण आयरिस आयुष्यभर लढली. 1993 मध्ये शिक्षेपुरती मरणोत्तर माफी मिळाली. 30 जुलै 1998 रोजी अपील न्यायालयाने दोषसिद्धीच रद्द केली, ती मुख्यतः गॉडार्ड यांच्या एकतर्फी समारोपामुळे. आयरिस आदल्या वर्षीच वारली होती.

वाक्याचा अर्थ मात्र न्यायालयाने ठरवला नाही, आणि आता तो ठरणारही नाही. मला या प्रकरणातून एवढेच कळले की, ‘याचा अर्थ काय’ असे विचारण्याआधी ‘हे कोणी ऐकले, कोणी लिहिले’ असे विचारावे. वाक्प्रचार कोशात सापडतो, प्रसंग कोशात सापडत नाही.

टिपणातली ओळ मी खोडली. आता तिथे लिहिले आहे, ‘दे त्याला, ख्रिस.’ काय दे, ते मी लिहिलेले नाही. लिहिण्याचा अधिकार मला नाही.