सोबतीला आत घेताना

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची जुनी रीत. पहिलटकरणीजवळ आई हवी, कळा सोसताना धीर देणारं माणूस हवं, हा त्यामागचा साधा हिशेब. बाळंतपण घरातून दवाखान्यात गेलं, जीव वाचू लागले. पण ही सोबत लेबर रूमच्या दाराशीच अडली. गेल्या वीस वर्षांत तिला आत घेण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा हा मागोवा.

दवाखान्याकडचा ओढा खरा वाढला तो २००५ पासून. त्या वर्षी जननी सुरक्षा योजना आली आणि पुढे गावोगावच्या आशाताई गरोदर बाईला स्वतः घेऊन दवाखान्यात जाऊ लागल्या. २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयात औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, सिझेरियन, येण्याजाण्याचं वाहन, सगळं मोफत केलं. २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात १०० पैकी सुमारे ६५ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये ती ९५ वर गेली. पहिल्या पाहणीच्या सुमारास राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत. २०१८-२० पर्यंत हा आकडा ३३ वर उतरला. हे यश लहान नाही.

पण आत गेलेल्या बाईचं काय? बाहेर बाकड्यावर आई बसलेली, मांडीवर धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्यांची पिशवी, शेजारी चहाचा थर्मास. आत विशी-बाविशीची मुलगी टेबलावर उताणी, लोखंडी कठडा घट्ट धरून. शेजारच्या टेबलावर दुसरी, मध्ये पडदाही नाही. सिस्टर एक आणि बाळंतिणी चार. मग ओरडली की दटावणी ठरलेली. नवऱ्याला आत काय चाललंय ते कळायचं नाही. आयाबाईने नाव पुकारलं की धावत जाऊन सही करायची, एवढंच त्याचं काम.

सोबतीने काय साधतं, हे अभ्यासांतून पुढे आलं आहे. ग्वाटेमालातल्या एका रुग्णालयात पहिलटकरणींच्या शेजारी एक अनोळखी बाई बसवली. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. पाठ चोळायची, हात धरायची, बोलत राहायची. गुंतागुंत न झालेल्या बाळंतपणांत, दाखल झाल्यापासून सुटका होईपर्यंत एकट्या बायकांना सरासरी १९.३ तास लागले. सोबत असलेल्यांना ८.७. हा अभ्यास छापून आला १९८० मध्ये. २०१७ मध्ये १७ देशांतल्या २६ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. अखंड सोबत असेल तर सिझेरियन कमी, वेदनाशामकं कमी आणि बाळंतपणाची कडू आठवणही कमी, असाच त्यांचा कल निघाला.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत सोबतीणीला परवानगी दिली. शक्यतो ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी आणि जिथे आडोसा नीट आहे तिथे नवऱ्यालाही आत घ्यावं, असं त्यात होतं. २०१७ च्या अखेरीस आलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने आडोसा, सन्मानाची वागणूक आणि लेबर रूमचा दर्जा यांची रीतसर तपासणी सुरू केली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की बाईला हवी ती सोबत मिळावी, हवं तसं बसू-फिरू द्यावं आणि कळा सावकाश वाढतात एवढ्यावरून घाई करू नये.

मग कोविड आला. जागतिक आरोग्य संघटना सोबत तोडू नका म्हणत असतानाही अनेक रुग्णालयांनी पहिली बंदी घातली ती सोबतीवरच. अडचण आली की सगळ्यात आधी जी गोष्ट काढून टाकली जाते, तिला अजून कोणी उपचार मानलेलं नाही, हे तेव्हा उघड झालं.

आज कागदावर हक्क आहे; प्रत्यक्षात तो जागेवर, मनुष्यबळावर आणि ड्यूटीवरच्या सिस्टरच्या मर्जीवर ठरतो. खासगीत नवरा आत जातो, पण तेही सगळीकडे नाही. सोबतीला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. लागतो तो एक पडदा, एक स्टूल आणि आत येऊ देण्याची तयारी. म्हणून दवाखान्यात नाव घालाल त्याच दिवशी, खर्चाची चौकशी करताना हेही विचारा: कळा सुरू झाल्यावर हिच्याजवळ कोण थांबू शकेल? आणि नियमाकडे बोट दाखवलं, तर २०१६ च्या परवानगीची आठवण करून द्या.