व्हिडिओ खेळ नियंत्रक
व्हिडिओ खेळ नियंत्रक : दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या खेळयंत्राला खेळाडूच्या आज्ञा पोहोचविणारे, हाती धरावयाचे साधन. बोटांच्या हालचालीचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणे, हे त्याचे मूलभूत कार्य होय. हे वरवर खेळणे वाटले, तरी हाताची ठेवण, उत्पादनाचा खर्च व खेळाचे स्वरूप या तिहींचा मेळ त्यात घालावा लागतो. तो न जमल्यास खेळाडूच्या हाताला इजा झाल्याचीही उदाहरणे आहेत.

अमेरिकेतील ब्रुकहेव्हन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी १९५८ मध्ये दोलनदर्शकाच्या पडद्यावर टेनिसचा खेळ दाखविला. त्यात प्रत्येक खेळाडूच्या हाती एक फिरती खुंटी व एक कळ असलेली पेटी असे. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६२ मध्ये तयार झालेला ‘स्पेसवॉर’ हा खेळ प्रथम संगणकाच्याच खटक्यांनी खेळला जाई. त्यामुळे कोपरे दुखू लागली, म्हणून ॲलन कोटोक व रॉबर्ट साँडर्स यांनी त्यासाठी स्वतंत्र पेट्या बनविल्या. राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून साकारलेल्या ‘ओडिसी’ (१९७२) या पहिल्या घरगुती खेळयंत्रातही खुंट्याच होत्या. त्यांपैकी एका खुंटीने हवेतील चेंडू वळविता येई.

अटारी कंपनीच्या १९७७ मधील खेळयंत्राबरोबर आलेली जॉयस्टिक फार लोकप्रिय झाली. चौकोनी बैठकीवर एक उभी दांडी व कोपऱ्यात एक कळ, एवढीच तिची रचना होती. बैठक डाव्या हाताने धरावयाची व दांडी उजव्या हाताने फिरवावयाची, असा प्रघात होता. चार दिशांचे चार खटके व कळीचा एक, अशा पाच खटक्यांना वेगवेगळ्या तारा लागत.

यानंतरचा खरा बदल जपानमध्ये झाला. निंटेंडो कंपनीतील गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये एका खिशात मावणाऱ्या खेळासाठी अधिक चिन्हाच्या आकाराची सपाट कळ योजली. ही कळ मध्यबिंदूवर टेकलेली असल्याने एक बाजू दाबली की समोरची उचलली जाते. त्यामुळे परस्परविरुद्ध आज्ञा सहसा एकदम जात नाहीत. प्रत्येक बाजूखाली रबराचा लवचिक घुमट असून त्याच्या तळाचा कार्बनयुक्त थर मंडलफलकावरील दोन पट्ट्या जोडतो. १९८३ मधील ‘फॅमिकॉम’ यंत्राच्या नियंत्रकात हीच कळ डाव्या अंगठ्याखाली आली व कृतीच्या कळा उजवीकडे गेल्या. जॉयस्टिकची वाटणी अशा रीतीने उलटली आणि पुढे तीच रूढ झाली. या नियंत्रकातील आठही कळांची स्थिती एका एकात्मित मंडलात साठविली जाई. खेळयंत्र सेकंदाला सु. ६० वेळा स्पंद पाठवून ती एकामागून एक वाचून घेई. त्यामुळे आठ कळांसाठी आठ तारांची गरज राहिली नाही. ही काटकसर दिसत नाही. पण पुढे कळांची संख्या वाढविणे तिच्यामुळेच सोपे झाले.

सोनी कंपनीच्या ‘प्लेस्टेशन’साठी (१९९४) तेइयू गोतो यांनी हातांना दोन मुठी दिल्या आणि कळांवर अक्षरांऐवजी चिन्हे घातली. वर्तुळ म्हणजे होकार व फुली म्हणजे नकार, हा त्यांचा अर्थ जपानी माणसास सहज कळणारा होता. पाश्चात्त्य खेळांत मात्र फुलीच होकारार्थी ठरली व २०२० पासून जपानमध्येही तसेच करण्यात आले.

त्रिमितीय दृश्यांच्या खेळांना केवळ दिशा नव्हे, तर कलाचे प्रमाणही कळविणे आवश्यक झाले. ‘निंटेंडो ६४’ (१९९६) यंत्राच्या नियंत्रकात यासाठी मधोमध छोटी दांडी होती. एका खेळात ती वेगाने गरगर फिरवावी लागे. तळहाताने ती फिरविताना मुलांना जखमा झाल्याच्या तक्रारी आल्यावर न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्याशी २००० साली झालेल्या समझोत्यानुसार कंपनीने हातमोजे देण्याचे मान्य केले. दोष हाताचा नव्हता, हे यावरून उघड आहे.

पुढील बहुतेक दांड्यांखाली परिवर्ती रोधक असतात. त्यांचा घासला जाणारा थर झिजला की बोट न लावताही पडद्यावरील पात्र सरकू लागते. ‘निंटेंडो स्विच’च्या (२०१७) नियंत्रकांबाबत अशा तक्रारी २०१९ मध्ये अमेरिकेत न्यायालयात गेल्या. चुंबक व हॉल परिणामावर चालणारा संवेदक वापरल्यास ही घासण टळते. सेगा कंपनीने १९९८ मधील ‘ड्रीमकास्ट’मध्ये तसा तो वापरलाही होता.

दोन्ही हात व दहा बोटे धडधाकट आहेत, असे या सर्व रचनांत गृहीत धरलेले असते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१८ मध्ये अपंग खेळाडूंसाठी काढलेल्या नियंत्रकावर दोन मोठ्या कळा असून मागील बाजूस ३·५ मिमी. मापाच्या १९ खोबणी आहेत. पायाने, हनुवटीने वा डोक्याने दाबावयाचे खटके त्यांत जोडून प्रत्येक कळीचे काम शरीराच्या ज्या भागाला जमेल त्याच्याकडे सोपविता येते.