शुचितेहून थोर कर्तव्य

स्नानावाचून देवघरात पाऊल टाकू नये, हे आपल्या घरांतील लहान मुलासही ठाऊक असते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या यहुदी कुटुंबांतही अशीच दक्षता नांदत होती. जेरुसलेमचे मंदिर हे त्यांचे परमपवित्र स्थान. पेसाह, शावुओत आणि सुक्कोत या तीन पर्वांना दूरदूरचे यात्रेकरू तेथे येत; परंतु शुद्ध झाल्याखेरीज मंदिराच्या प्रांगणात प्रवेश नसे.

शुद्धीचे साधन म्हणजे ‘मिक्वे’ हे पायऱ्यांचे कुंड. ते बहुधा खडकात खोदून आतून गिलावा केलेले असे. त्यात झऱ्याचे वा पावसाचे, आपोआप वाहत आलेले पाणी लागे. घागरींनी भरलेले चालत नसे. निदान ४० ‘सेआ’, म्हणजे सर्वांग एकाच वेळी बुडेल इतके पाणी आवश्यक मानीत. अशी शेकडो कुंडे उत्खननांत सापडली आहेत. मसादा दुर्गावरही १९६३ ते १९६५ च्या उत्खननात ती आढळली.

स्वयंपाकघरातही हेच सोवळे होते. मातीचे भांडे विटाळले की फोडावे लागे. धातूचे पाण्यात बुडवून शुद्ध करता येई. दगडाच्या भांड्याला मात्र विटाळ लागत नाही, असा शास्त्रार्थ होता. म्हणून मऊ चुनखडीचे पेले, वाडगे व रांजण घरोघरी वापरीत.

प्रसूती, मासिक धर्म आणि मृताचा स्पर्श ही अशौचाची प्रमुख कारणे. मुलगा झाल्यास मातेच्या शुद्धीस ४० दिवस लागत, मुलगी झाल्यास ८०. मृताचे अशौच सात दिवसांचे. तिसऱ्या व सातव्या दिवशी विधिपूर्वक सिद्ध केलेल्या रक्षेचे पाणी अंगावर शिंपडीत. तथापि अशौच म्हणजे पाप नव्हे. प्रसूती हा ईश्वरी आशीर्वाद आणि मृतास मूठमाती देणे हे पुण्यकर्म. दोन्हींनी अशौच येई, दोष मात्र येत नसे.

याची खरी कसोटी महायाजकाच्या नियमात दिसते. योम किप्पुर या प्रायश्चित्तदिनी तो पाच वेळा कुंडात अवगाहन करी आणि दहा वेळा हातपाय धुई. मातापित्यांच्या मृतदेहाजवळ जाण्याचीही त्याला मुभा नव्हती. परंतु वाटेत एखादे बेवारस प्रेत दिसले आणि त्याला कोणीच वाली नसला, तर त्याच महायाजकाने स्वहस्ते त्याचे दफन करावे, अशी आज्ञा इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ ग्रंथात आहे. जन्मदात्यांसाठी जे सोवळे मोडायचे नाही, ते एका अनोळखी अनाथासाठी मोडायचे!

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले. यात्रा थांबल्या, रक्षेचे पाणीही कालांतराने लोपले. पण भाकरीपूर्वी हात धुण्याचा विधी, विवाहित स्त्रियांचे मिक्वेस्नान आणि मृताची निरपेक्ष सेवा श्रद्धावान यहुदी आजही जपतात. शुचिता माणसाला देवाजवळ नेते. पण वाटेत निराधार भेटला, तर त्याच्याजवळ थांबणे हेही देवकार्यच होय.