नाला सरकारचा, काठ शेतकऱ्याचा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 प्रमाणे नद्या, ओढे, नाले आणि त्यांची पात्रे शासनाच्या मालकीची आहेत. कागदावर प्रश्न मिटला. पण नाल्यात बांध घालायचा तर ट्रॅक्टर कुणाच्या तरी शेतातून न्यावा लागतो, उपसलेला गाळ कुणाच्या तरी बांधावर पडतो आणि अडलेले पाणी कुणाच्या तरी कपाशीत शिरते. त्यामुळे नंदुरबार जिल्ह्यात ओढा जिवंत करण्याचे काम आधी काठच्या खातेदारांशी बोलण्याचे आहे, दगडमातीचे त्यानंतर. सरकारी अंदाजपत्रकात या बोलण्यासाठी रकाना नसतो. बरीच कामे वाया जातात ती इथेच, असे माझे मत आहे.

हा जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. उत्तरेला नर्मदा, मध्ये सातपुडा, दक्षिणेकडे तापी. अक्राणी आणि अक्कलकुवा डोंगरात, शहादा आणि तळोदा पायथ्याच्या गाळाच्या जमिनीत, तर नंदुरबार आणि नवापूर तापीच्या दक्षिणेला. 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे. डोंगरात पाऊस चांगला पडतो, पण उतारावरची माती सोबत घेऊन तो काही तासांत खाली निघून जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे आणि जाड वाळूचा पट्टा आहे. पाणी खरे मुरते ते तिथे. त्याच्या खालच्या गाळाच्या जमिनीत केळी, पपई आणि ऊस उभे आहेत, आणि त्यांना पाणी देणाऱ्या कूपनलिकांची मदार बऱ्याच अंशी या पट्ट्यावर आहे.

तापीच्या दक्षिणेला गणित आणखी अवघड होते. तिथे काळ्या कातळात कठीण खडकाच्या उभ्या भिंती घुसलेल्या आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात आणि नंदुरबार-धुळे परिसर या डाइकांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. त्यातल्या काही कित्येक किलोमीटर लांब जातात. अशी भिंत अखंड असेल तर भूजल अडवते, भेगाळलेली असेल तर वाहून नेते. म्हणून एकाच बंधाऱ्याच्या अलीकडची विहीर भरते आणि पलीकडची कोरडी राहू शकते. बैठकीत शेतकरी विचारतो, ‘पाणी माझ्या विहिरीला येईल का?’ त्याला अडाणी ठरवू नये. त्याचा प्रश्न भूशास्त्राचाच आहे आणि नकाशा पाहिल्याशिवाय त्याला ‘हो’ म्हणणे म्हणजे त्याची फसवणूक आहे.

शेजारच्या शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी 2004 पासून नाले रुंद आणि खोल करून सिमेंटचे बंधारे घातले. पाणी मुरू न देणारा मातीचा थर भेदायचा, हा त्यामागचा विचार होता, आणि तो तिथल्या भूस्तराचा अभ्यास करून आलेला होता. पुढे राज्यभर विचार मागे राहिला आणि खोदाईचे यंत्र तेवढे पोहोचले. डिसेंबर 2014 मध्ये आलेल्या जलयुक्त शिवार अभियानावर 9,633 कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही भूजलपातळी वाढण्यावर फारसा परिणाम झाला नाही, असे कॅगच्या 2020 च्या अहवालाने म्हटले. माथा उघडा ठेवून पायथा खोदला, तर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच खड्डा गाळाने भरणार, हे सांगायला खरे तर कॅगची गरज नव्हती.

यंत्राने आणखी एक नुकसान केले, त्याची चर्चा फार होत नाही. नाला जिथे पसरतो तिथे पाणथळ, दलदलीची जागा तयार होते. लव्हाळा वाढतो, काठाला उंबर, करंज, जांभूळ, निरगुडी धरते, पुराचा वेग मोडतो आणि गाळ खाली बसतो. नाला सरळ केला की ही जागा सुकते आणि पुढच्या हंगामात तिथे नांगर फिरतो. ओढ्याची दुरुस्ती म्हणजे काठाची थोडी जमीन त्याला परत देणे. शेतकऱ्याच्या हिशेबात मात्र कपाशीच्या चार ओळी जातात, आणि दोन एकरांच्या खातेदाराला चार ओळी थोड्या नसतात. त्याच्याकडे हा त्याग फुकट मागण्याचा अधिकार कुणालाही नाही.

श्रमदानाचेही तसेच. पानी फाउंडेशनच्या 2018 च्या वॉटर कप स्पर्धेत नंदुरबार आणि शहादा हे तालुके होते. 8 एप्रिल ते 22 मे, म्हणजे 45 दिवस. गावे एकत्र आली, समतल चर खोदले गेले, त्या उत्साहाची किंमत कमी करू नये. पण दिवाळी झाली की या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. बांधबंदिस्तीचा कोरडा हंगाम आणि स्थलांतराचा हंगाम एकच. गावात उरतात म्हातारी माणसे, लेकरे आणि ज्यांच्या विहिरीला पाणी आहे ते. अशा वेळी भूमिहीनाने फुकट चर खोदायचा आणि त्याचे पाणी बागायतदाराच्या विहिरीत उतरायचे, याला सहभाग म्हणणे मला पटत नाही. डोंगरातल्या कामाला रोजगार हमीची मजुरी मिळाली पाहिजे आणि ती वेळेवर मिळाली पाहिजे. तसे झाले तर काहींची ऊसतोड तरी टळेल.

इथल्या भिल्ल समाजाला एकत्र राबणे शिकवण्याची गरज नाही. मध्य प्रदेशातल्या झाबुआत हलमाची रीत आहे: एकाच्या अडचणीला सारे गाव धावते. त्या रीतीतून तिथे डोंगरावर हजारो लोकांनी चर खोदले. श्रमदानापेक्षा फरक एवढाच, की हलमात आज ज्याच्याकडे राबलो तो उद्या माझ्याकडे येतो. परतफेड त्या रीतीतच आहे.

नवापूरला लागून असलेल्या साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावानेही असेच एकत्र येऊन काम केले. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून गावाने सुमारे 445 हेक्टर जंगल राखले. आधी कुऱ्हाडबंदी आणि चराईचे नियम, सोबत उतारावर दगडी बांध. क्रम महत्त्वाचा आहे. पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, पण नियम मोडणाऱ्याला दंड करताना नाते न पाहणारे गाव हा तिथला खरा गाभा आहे.

वाटपाची अक्कलही खानदेशात जुनी आहे. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत लाभक्षेत्राचे फड, म्हणजे भाग, पाडलेले, एका फडात एकच पीक, आणि खातेदाराची जमीन सहसा प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी कमी पडले की एखादा फड पडीक ठेवायचा, म्हणजे तूट सगळ्यांच्या वाट्याला येते. पाटकरी पाणी सोडतो, जागल्या राखण करतो, पंच भांडण मिटवतात.

नंदुरबारच्या ओढ्यांना आज असाच करार हवा, फक्त तो एका गावापुरता न ठेवता माथ्यापासून पायथ्यापर्यंत करायला हवा. वरच्या वनपट्टाधारकाने उतार राखावा, काठच्या खातेदाराने ओढ्यासाठी जमिनीचा पट्टा सोडावा आणि खालच्या बागायतदाराने दोघांना दरवर्षी मोबदला द्यावा. शहाद्याच्या केळी उत्पादकांना, साखर कारखान्यांना आणि सूतगिरण्यांना माझी विनंती आहे: पुढचा बंधारा आपल्या शिवारात बांधण्याआधी, आपल्या ओढ्याच्या उगमाकडच्या गावाच्या ग्रामसभेत जाऊन बसा आणि त्यांना काय हवे ते विचारा.