दलालाची शिक्षा खलाशाला!

सहा नव्या पाणबुड्यांच्या खरेदीसाठी माझगाव गोदी आणि तिची भागीदार असलेली थिसेनक्रुप मरीन सिस्टिम्स ही जर्मन कंपनी यांच्याशी सरकारच्या वाटाघाटी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाल्या, ही वार्ता बहुतेकांनी आतल्या पानावर वाचली असेल आणि पान उलटले असेल. आम्हाला मात्र ती वाचताना ४४ वर्षांपूर्वीचा एक करार आठवल्याखेरीज राहिला नाही. ११ डिसेंबर १९८१ रोजी भारत सरकारने कील येथील एचडीडब्ल्यू या जहाज कारखान्याशी चार पाणबुड्यांचा सौदा केला. दोन तिकडे बांधायच्या, दोन इथे माझगावला. आणि बांधता बांधता आपल्या कारागिरांनी ती विद्या आत्मसात करायची, असा तो बेत होता. कीलचा तोच कारखाना पुढे थिसेनक्रुपच्या मालकीचा झाला. म्हणजे ज्या घरातून आपण एकदा तावातावाने बाहेर पडलो, त्याच घराचे दार आता पुन्हा ठोठावले आहे. दार ठोठावण्यात कमीपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु मधल्या काळाचा हिशेब कोणी तरी मागितलाच पाहिजे, आणि दिल्लीत तो मागणारा कोणी दिसत नसल्यामुळे ते काम आम्ही करीत आहोत.

‘शिशुमार’ आणि ‘शंकुश’ या जर्मनीत बांधलेल्या दोन पाणबुड्या १९८६ साली नौदलात आल्या. माझगावच्या गोदीत बांधलेली ‘शल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये दाखल झाली. पाणबुडीचे पोलाद वाकवणे आणि सांधणे हे साध्या जहाजाच्या कामासारखे नव्हे. शेकडो मीटर खोल पाण्याच्या दाबाखाली एक सांधा हलला तर आतल्या सर्वांचा ग्रंथ आटोपतो. ही कला मुंबईच्या कामगारांनी साध्य करून दाखवली. याच सुमारास तो प्रसिद्ध गौप्यस्फोट झाला. या व्यवहारात सात टक्के दलाली दिली गेल्याची कुजबुज उठली, एप्रिल १९८७ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी चौकशीचा आदेश दिला आणि काही दिवसांतच मंत्रिपद सोडले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. सरकारे गडगडली, निवडणुका गाजल्या, संसदेत कागद भिरकावले गेले. आणि ज्याने दलाली खाल्ली असेल, त्याच्या हातात बेड्या पडल्याचे दृश्य या देशाने काही पाहिले नाही.

शिक्षा झाली ती माझगावच्या गोदीला. आणखी दोन पाणबुड्या बांधण्याची जी तरतूद होती ती हवेत विरून गेली. ‘शंकुल’ पाण्यात गेल्यावर गोदीतील पाणबुडी विभागाला काम उरले नाही. शिकलेले हात दुसरीकडे पांगले, कोणी निवृत्त झाले, कोणी अन्य जहाजांच्या कामाला लागले. फ्रेंच बनावटीच्या सहा पाणबुड्यांचा करार व्हायला २००५ चा ऑक्टोबर उजाडला, आणि पहिले पोलाद कापायला २००६ चा डिसेंबर. बारा वर्षे! गवयाने बारा वर्षे रियाज टाकला तर त्याचा गळा राहात नाही; लोहाराच्या हाताचेही तसेच आहे. १९९९ साली सरकारने तीस वर्षांत चोवीस पाणबुड्या बांधण्याची योजना मंजूर केली होती. त्या योजनेची मुदत २०३० मध्ये भरते. तिचे काय झाले, हे आम्ही वाचकांना मोजून दाखवण्याची आवश्यकता नाही. सहा फ्रेंच पाणबुड्यांपाशीच आपली बोटे थबकतात.

या सहा पाणबुड्यांची कहाणी तर अधिकच उद्बोधक आहे. मंजूर रक्कम होती १८,७९८ कोटी रुपये. ती पुढे २३ हजार कोटींच्या वर गेली. पहिली पाणबुडी २०१२ मध्ये यायची होती. ‘कलवरी’ नौदलात आली ती १४ डिसेंबर २०१७ रोजी. शेवटची ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी. आपल्याकडे इतका उशीर अंगवळणी पडला आहे, म्हणून त्याविषयी आम्ही फार बोलत नाही. पण पुढची गोष्ट ऐकून कोणाचेही रक्त तापावे. पाणबुडीचे मुख्य शस्त्र म्हणजे पाणतीर. कलवरी जातीच्या पाणबुड्यांसाठी इटलीच्या एका कंपनीचे ‘ब्लॅक शार्क’ नावाचे पाणतीर निवडले गेले होते. ती कंपनी फिनमेकॅनिका या उद्योगसमूहाची शाखा. याच समूहाच्या दुसऱ्या शाखेने अतिविशिष्ट व्यक्तींसाठी हवाई दलाला बारा हेलिकॉप्टरे विकण्याचा करार केला होता. त्यात लाचलुचपत झाल्याचे आरोप झाले आणि जानेवारी २०१४ मध्ये तो रद्द करण्यात आला. त्या वावटळीत पाणतीरांची खरेदीही अडकली आणि २०१६ मध्ये ती बासनात गेली. मंत्र्यासंत्र्यांनी हवेत कशात बसून फिरावे या प्रकरणातून समुद्राच्या पोटातील पाणबुडीचे दात पाडले गेले! कलवरीला जुन्या जर्मन बनावटीच्या पाणतीरांवर भागवावे लागले. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच इटालियन समूहावरील बंदी काही अटी घालून उठवण्यात आली. बंदी उठवायचीच होती, तर मधली वर्षे कोणाच्या जिवावर काढली?

कोणाच्या जिवावर, हे आम्ही स्पष्टच सांगतो. ‘खुकरी’ ही ब्रिटनमध्ये बांधलेली फ्रिगेट ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात बुडाली. पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या फ्रेंच बनावटीच्या पाणबुडीने तिचा वेध घेतला. खुकरीची शोधयंत्रणा त्या पाणबुडीच्या कानांपुढे तोकडी होती. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला आपले जहाज न सोडता त्याच्याबरोबर गेले. आणि त्याच युद्धात, अवघ्या पाच दिवसांपूर्वी, सोव्हिएत संघाकडून नुकत्याच आणलेल्या लहानशा क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर जाऊन आग ओतली होती. दोन्ही खरेदीचीच फळे. एक वेळेवर आणि विचारपूर्वक झालेल्या खरेदीचे, दुसरे काळाच्या मागे पडलेल्या सामग्रीचे. पाकिस्तानने चीनकडून ज्या आठ नव्या पाणबुड्या घेण्याचे ठरवले, त्यांतील पहिली एप्रिल २०२४ मध्ये पाण्यात उतरली. तिचे नाव ‘हंगोर’च ठेवले आहे. शेजाऱ्याला काय आठवते, हे त्याने नावावरून सांगून टाकले.

शांततेच्या काळातही ही किंमत चुकत नाही. १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे मुंबईच्या नौदल गोदीतच ‘सिंधुरक्षक’ स्फोटाने बुडाली, अठरा जण मृत्यू पावले. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’वर आग लागून दोन अधिकारी दगावले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. खरेदीच्या नस्त्या ज्यांच्या टेबलांवर वर्षानुवर्षे पडून राहिल्या त्यांच्यापैकी कोणाला नैतिक जबाबदारीची अशी उबळ आल्याचे ऐकिवात नाही. आणि जुन्या पाणबुड्यांना निवृत्ती कशी द्यायची, नव्या नसताना? १९८६ सालच्या ‘शंकुश’चे आयुष्य वाढवण्यासाठी जून २०२३ मध्ये २,७२५ कोटी रुपयांचा दुरुस्तीचा करार करावा लागला.

आता कोणी म्हणेल, जुने घ्यावे, स्वस्तात पडते. त्यांनी ‘विक्रमादित्य’ आठवावी. रशियाची ‘ॲडमिरल गोर्शकोव्ह’ ही विमानवाहू नौका आपल्याला म्हणे फुकट मिळाली. फक्त डागडुजीचे ९७ कोटी ४० लाख डॉलर द्यायचे होते. करार २००४ चा, जहाज २००८ मध्ये मिळायचे होते. मिळाले २०१३ च्या नोव्हेंबरात, आणि बिल झाले २३५ कोटी डॉलर! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा हिशेब आपल्या गृहिणीला कळतो; तो संरक्षण मंत्रालयाला कळवण्यासाठी महालेखापरीक्षकांना २००९ मध्ये अहवाल लिहावा लागला. या जुन्या जहाजाला नव्यापेक्षा साठ टक्के अधिक पैसे पडत आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. त्याबरोबर घेतलेल्या मिग विमानांतील उडण्याजोगी किती असत, यावरही पुढे २०१६ साली त्यांनीच कोरडे ओढले.

याउलट कोचीला बांधलेली नवी ‘विक्रांत’ पाहा. युद्धनौकेचे पोलाद बाहेरून मिळेना, तेव्हा आपल्या संशोधकांनी आणि सरकारी पोलाद कारखान्यांनी ते येथे तयार केले. सुमारे २० हजार कोटी रुपयांची ही नौका २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात आली, याचा आम्हाला मनापासून अभिमान आहे. पण तिच्यासाठी योजलेल्या २६ राफेल विमानांचा करार झाला एप्रिल २०२५ मध्ये, आणि ती सर्व हाती यायची आहेत २०३० पर्यंत. घोडा घरी आणल्यावर आठ वर्षांनी खोगीर! पाणबुडीला पाणतीर नाही, विमानवाहूला विमान नाही. जहाज एका खात्याच्या कागदावर, शस्त्र दुसऱ्या, आणि दोन्ही कागदांची गाठ समुद्रात पडावी अशी आपली व्यवस्था.

मग भ्रष्टाचार खपवून घ्यायचा काय, असा सवाल आम्हाला केला जाईल. मुळीच नाही. लाच घेणाऱ्याला तुरुंगात घाला, देणाऱ्या कंपनीकडून दामदुप्पट वसूल करा, तिच्या मालकांना या देशात पाय ठेवू देऊ नका. पण गोदीत चढवलेली पाणबुडी काय म्हणून उतरवता? चोर सापडला नाही तर विहीर बुजवण्याचा हा न्याय आहे. आणि त्याचा खरा लाभ चोरालाच होतो. सौदा रद्द झाला की प्रकरण संपल्याचा भास निर्माण होतो आणि चौकशीची धार बोथट होते. शिवाय नोकरशहा एक धडा शिकतो: सही केली तर पकडले जाऊ, न केली तर बढती मिळेल. गेल्या तीन-चार दशकांतील दिरंगाईचे मूळ आम्हाला पैशाच्या टंचाईपेक्षा या भीतीत अधिक दिसते.

पैशाचाही प्रश्न आहेच. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपये होते. त्यांतील १ लाख ८० हजार कोटी नव्या सामग्रीसाठी, आणि जवळजवळ १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनासाठी. निवृत्त जवानाच्या ताटातले काढा असे सांगणारा कोणी भेटला तर त्याला आमच्याकडे पाठवावे. पण जहाज बांधायला दहा वर्षे लागतात आणि आपली थैली दर ३१ मार्चला रिकामी करून दाखवावी लागते, ही विसंगती कधी तरी मिटवली पाहिजे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या आरंभी, आरमाराच्या खर्चाचा विचार केलेला आहे. आरमाराला मुलखातून ठरावीक नेमणूक बांधून द्यावी, बंदरांच्या चढउताराच्या उत्पन्नावर त्याचा भार टाकू नये, नाही तर व्यापारी नागवला जातो आणि बंदरेही बुडतात, असे त्यांनी बजावले आहे. पंधराव्या वित्त आयोगाने याच धर्तीवर, वर्षाअखेर लोप न पावणारा सुमारे २ लाख ३८ हजार कोटींचा निधी सुचवला होता. सरकारने ती सूचना ‘तत्त्वतः’ मान्य केली. सरकारी भाषेत या शब्दाचा काय अर्थ होतो, हे आमच्या वाचकांना निराळे सांगायला नको. (याच मराठी मुलखात १७५६ साली पेशव्यांनी इंग्रजांना बरोबर घेतले आणि विजयदुर्गाला आंग्र्यांचे आरमार जळाले, आरमाराचे शत्रू नेहमी समुद्रापलीकडचेच असतात असे नव्हे.)

म्हणून जर्मन कंपनीबरोबरच्या करारासंबंधी आमच्या मागण्या स्वच्छ आहेत. पाणबुडीबरोबर तिचे पाणतीर त्याच करारात असावेत. लाचेचा आरोप सिद्ध झाल्यास दंड कंपनीने भरावा, काम मात्र एक दिवसही थांबू नये, अशी अट लिहून घ्यावी. आणि सहावी पाणबुडी पुरी होण्यापूर्वी सातवीचे पोलाद गोदीत आलेले असावे. जानेवारी २०२५ मध्ये ‘वागशीर’ माझगावहून नौदलाच्या स्वाधीन झाली, त्या दिवशी तिच्या पाठोपाठ बांधायच्या एकाही पाणबुडीचा करार झालेला नव्हता. तिच्यावर काम केलेले सांधकाम करणारे कारागीर कोठे आहेत, आणि शंकुलच्या कारागिरांच्या वाटेने ते जाऊ नयेत म्हणून काय तजवीज केली आहे, हे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने पुढल्या बैठकीत नौदल आणि संरक्षण मंत्रालयाला लेखी विचारावे.