सलाइनच्या थेंबांचे गणित

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळ, धुळे परिसरात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अंगातील पाणी कमी झालेल्या रुग्णाला मग सलाइन लावावे लागते. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे किंवा जळगावचे २०१८ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो, वा तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय, थेंबांचा हिशेब परिचारिकेलाच करावा लागतो.

नेहमीच्या संचातून एका मिलिलिटरला साधारण २० थेंब पडतात. ५०० मिलिलिटर म्हणजे १० हजार थेंब. ते ४ तासांत, म्हणजे २४० मिनिटांत द्यायचे, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब.

खरी गफलत होते ती बालरुग्णांच्या बाबतीत. सूक्ष्म संचातून मिलिलिटरला ६० थेंब पडतात; त्यामुळे तासाला ३० मिलिलिटर द्यायचे असेल, तर मिनिटाला ३० थेंब, असा सोपा मेळ बसतो. मात्र हाच वेग मोठ्या संचावर ठेवला, तर तासाला ९० मिलिलिटर जाते. तिप्पट! तान्ह्या बाळाच्या फुफ्फुसांत पाणी साचण्याचा धोका यातूनच उद्भवतो. म्हणून संचाच्या वेष्टनावरील आकडा आधी वाचायचा. पंप असला तरी त्यात आकडा माणसालाच भरावा लागतो. शिवाय रुग्णाने हात हलवला, की वेग बदलतो आणि घड्याळ लावून थेंब पुन्हा मोजावे लागतात.